चेकभाऊ

जालना जिल्ह्यात तालुके आठ, तेव्हा चेकभाऊही निदान आठ असणार. परतुरात त्यांना वायरमामा म्हणत असतील, भोकरदनला ‘ते स्पीकरवाले सर’, मंठ्यात आणखी काही. आमच्या जुन्या जालन्यात ते चेकभाऊ आहेत. खरं नाव आधार कार्डावर सुखरूप आहे. हातात माइक आला की कुणाच्याही तोंडून ‘हॅलो, चेक’ निघतं. यांच्या तोंडून ते फोन उचलल्यावर निघतं, दार वाजवल्यावर निघतं, आणि एकदा डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला तेव्हाही निघालं होतं.

वय पंचावन्नच्या पुढं. शर्टाच्या खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. खांद्यावरच्या झोळीत मल्टिमीटर, सोल्डर गन, पक्कड, काळी टेप आणि कुठल्याही पिनचं दुसऱ्या कुठल्याही पिनमध्ये धर्मांतर करणाऱ्या मूठभर जोडण्या. झोळीत जेवणाचा डबाही असतो. एकदा तो उघडल्यावर भाजीत आरसीए पिन सापडली होती. भाऊंनी ती पुसली, मल्टिमीटर लावून पाहिली आणि ‘चांगली आहे’ म्हणाले. भाजीबद्दल काही बोलले नाहीत.

त्यांचं शिक्षण राजूरच्या अंगारकीला झालं. पोरवयात ते एका लाऊडस्पीकरवाल्याच्या हाताखाली होते. गणपतीच्या दर्शनाला लोटलेल्या त्या गर्दीत हरवलेल्या पोरांची नावं कर्ण्यावरून पुकारायची आणि कर्णा शिट्टी मारायला लागला की माइकाचं तोंड फिरवायचं, एवढंच काम. पोरं सापडायची, आईबाप रडायचे, मिठ्या मारायचे. चेकभाऊंना त्या दिवसांतलं काय आठवतं? ‘डाव्या अंगाचा कर्णा थोडा फाटका वाजायचा.’

पुढं कर्णे गेले, डीजे आले, आणि आता घरोघरी स्टुडिओ झाले. ज्या मागच्या खोलीत वेचलेला कापूस ठेवायचे तिथं आता भिंतीला फोम चिकटवलेला असतो. टेबलावर लॅपटॉप, शेजारी लाल-काळी साउंड कार्डाची डबी, पुढ्यात कंडेन्सर माइक आणि दोन बाजूंना दोन मॉनिटर. मॉनिटर म्हणजे कॉम्प्युटरचा पडदा नव्हे, स्पीकर. ऐकणाऱ्याला खूश करायचं नाही, खरं काय ते सांगायचं, असं व्रत घेतलेले स्पीकर. त्यामुळं पोरानं मोठ्या हौसेनं हप्त्यावर घेतलेली जोडी पहिल्याच दिवशी त्याला त्याचा खरा आवाज ऐकवते आणि तो हबकतो. पण भीमगीतं, लग्नाची गाणी, कीर्तनाच्या जाहिराती, गवळणी असं पुष्कळ काही या खोल्यांतून निघतं, आणि बरंही असतं. फक्त त्यामागं कुठंतरी एक ‘गूंऽऽ’ असतं. ते ऐकू आलं की पोरगा चेकभाऊंना फोन करतो.

चेकभाऊ येतात. चप्पल दाराबाहेर, झोळी खुर्चीवर. पोरगा उत्साहानं म्हणतो, ‘भाऊ, गाणं लावून दाखवू?’

‘गाणं नको. काहीच लावू नको. ऐकू दे.’

आणि डोळे मिटून ते काहीच नसलेलं ऐकत बसतात. त्यांनी उभ्या आयुष्यात एखादं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं असेल, असं मला वाटत नाही. अंबडला दत्तजयंतीला जुना संगीत महोत्सव भरतो. चेकभाऊ तिथं नेमानं जातात, मात्र बसतात मिक्सरवाल्याच्या मांडीला मांडी लावून. गवई समेवर आला, मंडपात ‘वाहवा’ उठली, ती विरली, की त्यानंतर चेकभाऊंची दाद येते: ‘आला! ऐकलं का? तबल्याच्या माइकात आला.’

घनसावंगीकडच्या एका घरातला प्रसंग सांगण्याजोगा आहे. समर्थ रामदासांचं जांब याच तालुक्यात, त्यामुळं परमार्थाचं वारं जुनं. घरातल्या नातवानं नवा स्टुडिओ थाटला होता आणि पहिलंच काम म्हणून गावातल्या बुवांचा हरिपाठ ध्वनिमुद्रित करायचा होता. बुवा आंघोळ करून, बुक्का लावून, मृदंगवाल्यासह हजर. आणि दोन्ही मॉनिटरांतून गूं.

चेकभाऊंची पद्धत पोलिसी आहे, पण मारझोड नाही. एकेकाला बाहेर काढायचं आणि आत काय होतं ते बघायचं. आधी मॉनिटरांच्या मागच्या वायरी उपसल्या. शांतता. म्हणजे मॉनिटर निर्दोष. वायरी परत लावल्या. गूं. मग साउंड कार्डाचं आवाजाचं बटण शून्यावर नेलं. गूं जागच्या जागी. ‘बघ, हा गाण्याच्या वाटंनं येतच नाही. मागच्या दारानं यायलाय.’ मग लॅपटॉपचा चार्जर काढला. गूं थोडा दबला, गेला नाही. फ्रीज बंद, पंखा बंद, पंख्याचा रेग्युलेटर बंद. ट्यूबलाइट बंद केली तेव्हा सगळे अंधारात बसले आणि त्यांच्यासोबत गूंही बसला.

एवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या बुवांनी सूर लावला. भाऊ खाली वायरींत, पोरगा टॉर्च धरून, आणि बुवा डोळे मिटून हळू आवाजात गळा मोकळा करताहेत. वारकरी गळा, उंच पट्टीतला, पांढरी पाचचा. छान लागला होता. चेकभाऊंनी टेबलाखालून मान बाहेर काढली. ‘बुवा, हा सूर कशावरून धरला?’

‘तुमच्या तंबोऱ्यावरून,’ बुवा म्हणाले. ‘लई गोड लावलाय. जरा चढा वाटतो, पण चालंल.’

यात बुवांची चूक काहीच नव्हती. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. ती आवाजात शिरली की ५० चा खर्ज आणि त्याच्या दुपटीचा १०० चा सूर वाजू लागतो, आणि हा १०० चा सूर पांढरी पाचच्या किंचित वर बसतो. बुवांचा कान पक्का होता. जवळजवळ सबंध महाराष्ट्राला महावितरणनं फुकट षड्ज पुरवला आहे, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. भाऊंचा एक भाचा न्यू जर्सीत असतो, त्याचाही असाच घरगुती स्टुडिओ आहे. त्यानं व्हिडिओ कॉलवर आपला गूं ऐकवला, तेव्हा भाऊ म्हणाले होते, ‘हा आपला नाही.’ बरोबर. तिकडची वीज ६० हेलकाव्यांची. तिकडचा गूं काळी पाच आणि पांढरी सातच्या मधे कुठंतरी लोंबकळतो. मराठी माणसाला परदेशात सूर सापडायला वेळ का लागतो, याचं हेच कारण असल्याचं भाऊंचं ठाम मत आहे.

तर तपास पुढं चालू. लॅपटॉपला एक जाड वायर जोडलेली होती, ती भिंतीतल्या भोकातून पलीकडं गेली होती. ‘ही कुठं जाते?’

‘बैठकीतल्या टीव्हीला. मोठ्या पडद्यावर बघायला बरं पडतं.’

‘आणि टीव्हीला?’

‘गच्चीवरच्या डिशची केबल.’

चेकभाऊ उठले. चेहऱ्यावर असं तेज आलं की बुवांनीही हात जोडले. वायर उपसली. गूं गेला! आणि त्याच क्षणी बैठकीतून आजींचा आवाज आला, ‘काय रे, कीर्तन दिसंना झालं!’ ओढाताणीत टीव्हीची पिनही निघाली होती. गुन्हेगार आजी निघाल्या.

भाऊंनी मग सगळ्यांना बसवून समजावलं. लॅपटॉप चार्जरमार्गे आणि मॉनिटर आपल्या पिनमार्गे घरातल्या अर्थिंगला जोडलेले, टीव्ही डिशच्या केबलमार्गे गच्चीवरच्या लोखंडाला जोडलेला. दोन्ही ठिकाणची जमीन नावालाच एक, दोहोंत थोडा फरक असतोच. मधे वायरीचा फेरा पूर्ण झाला की त्या फरकाचा प्रवाह त्यातून फिरत राहतो आणि जाता जाता आवाजात हात घालतो. ‘एका घरात दोन कर्ते झाले,’ भाऊ म्हणाले, ‘की सून गुणगुणणारच.’ घरातली सून चहा घेऊन आली होती. ती काही बोलली नाही, पण भाऊंच्या चहात साखर जास्त पडली होती.

आता दुसरा एखादा असता तर आजींची केबल काढून पैसे घेऊन गेला असता. चेकभाऊंनी तसं केलं नाही. ‘म्हाताऱ्या माणसाचं कीर्तन तोडून हरिपाठ करायचा नसतो,’ म्हणाले आणि मॉनिटरच्या वायरीची पिन उघडून बसले. बाजारात जिला पी-३८ म्हणतात ती जाड पिन, पण साधी, दोन तारांची. दोनच तारा असल्या की जमिनीचा सगळा कचरा आवाजाच्याच रस्त्यानं जातो. भाऊंनी झोळीतून तीन तारांची वायर काढली, एका टोकाला स्टिरिओ पी-३८ आणि दुसऱ्या टोकाला तीन काट्यांची एक्सएलआर पिन लावली. या वायरीची युक्ती मला फार आवडते. एकच गाणं दोन तारांतून पाठवायचं, एका तारेत सुलट, दुसरीत उलट. वाटेत गूं शिरला तर तो दोन्हीत सारखाच शिरणार. पलीकडं पोचल्यावर एकातून दुसरं वजा करायचं. गूंमधून गूं गेला, बाकी शून्य. उलट्या गाण्याची वजाबाकी मात्र बेरीज होते, म्हणून गाणं दुप्पट. ही वायर शोधणाऱ्याला एकत्र कुटुंबाचा अनुभव असावा.

सोल्डरचा धूर विरला, वायर लागली, टीव्ही चालू, चार्जर चालू, आजींचं कीर्तन चालू, आणि मॉनिटरांतून काही म्हणजे काही नाही. भाऊंनी विजयानं बुवांकडं पाहिलं. ‘करा सुरू.’

बुवांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ‘तंबोरा कामून बंद केला?’

पुढचा अर्धा तास बुवांना सूर सापडेना. मोबाइलवरचा तानपुरा लावून दिला, तर म्हणे यात तो गोडवा नाही. शेवटी नातवानं भाऊंना हळूच विचारलं की मगाचचा गूं थोडासा परत आणता येईल का. भाऊ झोळी उचलून निघाले ते थेट एसटी स्टँडवर.

पैसे ते घेत नाहीत. नेमकं सांगायचं तर खराब वायर मागून घेतात. घरी पोत्यांनी पडल्या आहेत. वहिनींची कपडे वाळत घालायची दोरी म्हणजे माइकची जुनी केबल आहे, आणि एरवी अबोल असणाऱ्या वहिनी पाहुण्यांना सांगतात, ‘साडी वाळत घातली की हे विचारतात, कुठल्या तारंवर घातली, सुलट का उलट?’

भाऊंना राग क्वचित येतो. येतो तो एकाच गोष्टीचा. गूं घालवायचा सोपा इलाज म्हणून हल्ली पोरं पक्कड घेऊन तीन पिनमधली वरची जाड पिन उडवतात. अर्थिंगच नाही म्हटल्यावर फेरा तुटतो, गूं जातो. मात्र आतली फेज कधी सुटून पत्र्याला लागली की ती जमिनीत जायची वाट उरत नाही, ती हात लावणाऱ्यातून जाते. अशी छाटलेली पिन दिसली की चेकभाऊंचा आवाज चढतो. ‘आवाज घालवला, आता जीव जायची सोय केली! त्या पिनंचा काय गुन्हा? ती लांब कामून केली? पहिली आत जावी आणि शेवटी बाहेर यावी म्हणून!’ त्या घरात ते चहा घेत नाहीत. बाकीचा स्वभाव मऊ असल्यामुळं या रागाची गावात वचक आहे, आणि ती असावीच.

अर्थिंगवर त्यांची भक्ती आहे. अंगणात स्वतःच्या हातानं खणलेला खड्डा आहे, तळाला पत्रा, वर कोळसा-मिठाचे थर, आणि पाणी घालायला एक नळी. आपली जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात ती ओल धरते, चैत्रात तिला भेगा पडतात, आणि ओल गेली की विजेला जमिनीत शिरायला अवघड होतं. म्हणून उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी घालावं लागतं. जालन्यात. उन्हाळ्यात. ज्यांनी या शहरात नळाची वाट पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागं घागरी घेऊन लोक धावत होते आणि चेकभाऊ रोज तांब्याभर पाणी त्या नळीत सोडत होते. वहिनींनी पकडलं. ‘पाहुण्याला अर्धा पेला आणि खड्ड्याला तांब्या?’ मग तडजोड झाली. भाऊ खड्ड्याशेजारीच पाटावर बसून आंघोळ करू लागले. पाणी एकच, पुण्य दोन. साबणानं अर्थिंग सुधारतं की बिघडतं, यावर त्यांचे प्रयोग पाऊस पडेपर्यंत चालले होते.

त्यांचे काही सिद्धान्त मला पटलेले नाहीत. गावाबाहेर सळईच्या कारखान्यांत भट्टी लागली की आपल्या डाव्या मॉनिटरला कळतं, हा त्यांतला एक. उजव्याला का कळत नाही, तर तो ‘स्वभावानं शांत आहे’. पण बऱ्याच गोष्टी त्यांनी शिकवल्या त्या खऱ्या निघाल्या. मॉनिटर सगळ्यांत शेवटी चालू करायचे आणि सगळ्यांत आधी बंद करायचे, नाहीतर आधीच्या यंत्राचा धक्का ‘धप्प’ करून त्यांच्या पडद्यावर बसतो. (लाइट गेली की सगळंच एकदम बंद होतं, तेव्हा हा शिष्टाचार पाळायला वेळ मिळत नाही. ती धप्प आमच्या गल्लीला तोंडपाठ आहे.) मॉनिटर कोपऱ्यात कोंबले की खर्ज फुगतो. दोन मॉनिटर आणि आपलं डोकं यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण हवा. आणि आवाज फाटतोय अशी तक्रार आली तर स्पीकर उघडण्याआधी गोदरेजच्या कपाटावरचे स्टीलचे डबे उतरवून बघावेत.

त्यांच्या देवघराजवळ एका स्पीकरचं चित्र आहे, पांढऱ्या पडद्याचा, काळ्या पेटीतला. यामाहाचा एनएस-१०. भाऊ त्याची कथा सांगतात तेव्हा आवाज ओला होतो. १९७८ साली तो निघाला घरच्या बैठकीत ठेवायला म्हणून. घरच्यांना तो पसंत पडला नाही, कानाला टोचतो म्हणाले. आणि तोच पुढं जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला, कारण त्याच्यावर बरं वाजलेलं गाणं कुठंही बरं वाजायचं. तो फार टोचू नये म्हणून मोठमोठे ध्वनिमुद्रक त्याच्या ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवत. ‘घरी किंमत नाही,’ भाऊ म्हणतात आणि स्वयंपाकघराकडं बघतात. आतून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज येतो.

घरचे वादही ते त्याच पोलिसी पद्धतीनं सोडवतात. पुतण्याच्या लग्नाच्या बैठकीत मानपानावरून गलका झाला तेव्हा भाऊ उभे राहिले. ‘सगळे गप. आता फक्त मुलीचे मामा बोला. बास. आता फक्त आत्याबाई.’ असं एकेकाला चालू-बंद करत ते मुळाशी पोचले. बिघाड आत्याबाईंत होता. तो त्यांनी जाहीरही केला. लग्न झालं, पण त्या आत्याबाई त्यांच्याच मोठ्या भगिनी असल्यामुळं ते कनेक्शन अजून तुटलेलंच आहे.

चेकभाऊंचा खरा ठेवा मोबाइलमध्ये आहे. लोकांच्या मोबाइलमध्ये नातवंडांचे फोटो असतात, यांच्या मोबाइलमध्ये गूं आहेत. प्रत्येकाला गावाचं नाव दिलेलं: ‘परतूर-फ्रीज’, ‘जाफराबाद-चार्जर’, ‘बदनापूर-पंखा रेग्युलेटर’, ‘मंठा-अर्थिंगच नाही’. घरी कुणी आलं की हे ऐकवतात. मधे हात वर करून थांबवतात, ‘आता ऐका हां, इथं मोटार चालू होती.’ एक जुनं रेकॉर्डिंग तर दुर्मिळ आहे, फोन वाजण्याआधी स्पीकरात यायची ती ‘टिक्-टिटिक्-टिटिक्’. जुन्या टूजी मोबाइलची ती ओळख होती, फोन वाजायच्या आधी स्पीकरला कळायचं. फोरजी आल्यापासून ती ऐकू येईनाशी झाली, याचं भाऊंना वाईट वाटतं.

गेल्या दिवाळीत मुलांनी वर्गणी काढून त्यांना नवी मॉनिटर जोडी घेऊन दिली. भाऊंनी स्वतः मांडली. तीन तारांच्या वायरी, पक्कं अर्थिंग, बरोबर मोजलेला त्रिकोण. आम्ही शेजारी पेढे खायला जमलो होतो. भाऊंनी बटण दाबलं, डोळे मिटले. आवाज नाही. बटण पूर्ण चढवलं. आवाज नाही. साधी खसखसही नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. भाऊंनी डोळे उघडले तेव्हा चेहरा उतरला होता.

‘फ्रीज चालू आहे का?’ त्यांनी आत विचारलं.

‘चालू आहे.’

‘मिक्सर लाव बरं.’ मिक्सर लागला. काही नाही. ‘मोटार लाव.’ मोटार लागली, टाकी भरून वाहिली, काही नाही. पंखा एकवर, दोनवर, तीनवर. शेजारच्यांची इस्त्री मागवली. कुणीतरी लॅपटॉपला टीव्ही जोडला. भाऊ मॉनिटरच्या पडद्याला कान लावून बसले होते आणि पेढे तसेच पडले होते.

शेवटी वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या, मॉनिटरच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि तोंड मिटून म्हणाल्या, ‘गूंऽऽऽ.’

भाऊंनी डोळे मिटले. बोट वर केलं. बराच वेळ ऐकलं.

‘पन्नासचा नाही हा,’ ते म्हणाले. ‘वरचा आहे. चार्जरचा असंल.’